सर्व्हरचे दोन नेटवर्क पोर्ट टीम केले (म्हणजे जोडून एकासारखे वापरले) तरी वेग वाढत नाही, वर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) मधूनच तुटते. काय तपासू?

सांगली मार्केट यार्डातली पेढी, विंडोज सर्व्हर 2019, दोन्ही पोर्ट ‘स्टॅटिक टीमिंग’मध्ये आणि स्विच (सगळ्या केबल जोडायचा डबा) साधा, अनमॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलायची सोय नसलेला. टीम 2 जीबीपीएस दाखवते, पण फाइल कॉपी सेकंदाला 110 एमबीच्या आसपास अडते. तुम्ही दिलेली ही माहिती पुरेशी आहे. फक्त दोन तक्रारी एकत्र धरू नका.

वेगाचा बिघाड नाहीच. टीममध्ये एक कनेक्शन एकाच पोर्टवरून जातं. दोन हमाल असले तरी एक पोतं एकाच पाठीवर जातं, तसं. 1 जीबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त 125 एमबी, त्यातून प्रोटोकॉलचा भार वजा करा. शिवाय समोरच्या पीसीचा पोर्टही 1 जीबीपीएसचाच असणार. फायदा दिसतो तो चार-पाच जण एकदम काम करताना.

टॅली तुटते ते मात्र गंभीर आहे, आणि माझा संशय थेट त्या ‘स्टॅटिक’वर आहे. या मोडमध्ये सर्व्हर दोन्ही पोर्टांवरून एकच मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक) वापरतो. हे दोन पोर्ट एकाच गटाचे आहेत असं स्विचलाही सांगावं लागतं, आणि अनमॅनेज्ड स्विचला ते सांगायची सोयच नसते. मग त्याला तोच ॲड्रेस कधी या पोर्टवर दिसतो, कधी त्या. त्याची नोंद सारखी उलटसुलट होते आणि डेटाची पाकिटं हरवतात. एलएसीपी हा टीमिंगचा दुसरा मोड निवडूनही उपयोग नाही, त्यालाही स्विचची साथ लागते.

संध्याकाळी यार्डातलं काम उरकल्यावर सर्व्हर मॅनेजरमध्ये लोकल सर्व्हर, तिथून एनआयसी टीमिंग उघडा आणि टीमच्या प्रॉपर्टीजमध्ये मोड ‘स्विच इंडिपेंडंट’ करा, त्याला स्विचची साथ लागत नाही. बदलताना नेटवर्क क्षणभर जाईल, म्हणून सर्व्हरसमोर बसूनच करा, रिमोटने नको. स्थिर आयपी (सर्व्हरचा नेटवर्कवरचा कायमचा पत्ता) टीमच्या इंटरफेसवरच आहे ना, हेही बघा.

मग दुसऱ्या पीसीवरून सर्व्हरला सलग पिंग लावा (सर्व्हर उत्तर देतोय का, हे तपासणारी आज्ञा) आणि एक केबल उपटा. एखाद-दुसरा पिंग चुकला तर चालेल. ती परत लावून, लिंक आल्यावर दुसरी उपटा. ही चाचणी बहुतेक जण करतच नाहीत, आणि टीम केली होती ती खरं तर याचसाठी, एक केबल गेली तरी काम चालू राहावं म्हणून.

या मोडमध्ये दोन केबल दोन वेगळ्या स्विचमध्येही लावता येतात. तुमच्याकडे जुना गिगाबिट स्विच पडून असेल तर तो पहिल्याला जोडून जरूर वापरा, आणि दोन्ही यूपीएसवर घ्या. एवढं करूनही टॅली तुटली, तर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम लॉगमध्ये कुठला पोर्ट सुटतोय ते बघून त्याची पॅच कॉर्ड (स्विचला जोडणारी नेटवर्क केबल) आधी बदला.