रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण हिंजवडीतल्या नोकरीचं टेन्शन फार आहे. नुसत्या ताणाने हृदयविकार होऊ शकतो का?

हो, सततच्या ताणाने धोका वाढतो, रिपोर्ट नॉर्मल असले तरी. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात (त्यात भारतही होता) कायम ताणात असल्याचं सांगणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅकची शक्यता जवळपास दुप्पट दिसली. ताण म्हणजे फक्त ऑफिस नव्हे; नैराश्य, पैशांची ओढाताण, घरातला मोठा धक्का हेही त्यात मोजलं होतं. उलट, आपल्या आयुष्याची सूत्रं आपल्या हातात आहेत असं वाटणाऱ्यांमध्ये धोका कमी होता, आणि मला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सकाळी वाकडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी जागची हलत नाही आणि कानात मीटिंग सुरू. रात्री परदेशी क्लायंटचा कॉल संपेपर्यंत ताटातली पोळी वातड झालेली असते. यातलं काहीच आपल्या हातात नसतं. नाडी आणि बीपी वारंवार चढतात, झोप तुटते, सिगारेट वाढते, चालणं सुटतं. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम होत असेल तर आधी ते कमी करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात अशा कामाने हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

एक मात्र लक्षात घ्या: इंटरहार्टमध्ये रुग्णांना ताणाबद्दल अटॅक आल्यानंतर विचारलं होतं, त्यामुळे तो आकडा थोडा फुगलेला असू शकतो. आणि छातीत दाब, घाम, धाप यांना ‘टेन्शनची ॲसिडिटी’ समजून घरी बसू नका, लगेच १०८ ला फोन करा.