वडिलांच्या पेसमेकरला स्क्रूची लीड घ्यावी का?

वडील 72 वर्षांचे, पूर्वी बायपास झालेली, आता दोन लीडचा (लीड म्हणजे पेसमेकरपासून हृदयापर्यंत जाणारी तार) पेसमेकर बसायचाय. डॉक्टर ‘हृदयाच्या वरच्या कप्प्यात स्क्रूची लीड टाकू’ म्हणाले. साध्या लीडने भागणार नाही का, असं तुम्ही विचारलंय. मी कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे, लीड बसताना मोजमापं मीच घेतो.

डॉक्टरांचं बरोबर आहे, आणि कारण बायपासचंच. साध्या लीडच्या टोकाला छोटे मऊ काटे असतात, ते आतल्या स्नायूंच्या जाळीत अडकतात. वरच्या कप्प्यात अशी जाळी मुख्यतः कानासारख्या एका कोपऱ्यात असते आणि बायपासच्या वेळी हार्ट-लंग मशीनची नळी बहुधा तिथूनच घालतात. नंतर तो कोपरा बांधलेला, आक्रसलेला राहतो. काटे धरणार कशाला? स्क्रू जेमतेम दोन मिलिमीटरचा, पण भिंतीतच रुततो. भिंतीला भोक पडायचा धोका त्यात थोडा जास्त, म्हणून घरी गेल्यावर छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबू नका, लगेच कळवा.

स्क्रू फिरवला की मी थ्रेशोल्ड मोजतो, म्हणजे ठोका पडायला कमीत कमी किती व्होल्ट लागतात ते. सुरुवातीला 1.5 वगैरे येतं. सगळे थांबतो. दहा मिनिटांनी तेच 0.7 वर येतं, ताजी जखम तेवढ्यात निवते. मग ‘आजोबा, जोरात खोका’. लीड हलली नाही ना, ते स्क्रीनवर बघायचं. शेवटी 10 व्होल्ट देऊन, करंट श्वासपटलाकडे जाऊन पोट उडत नाही ना, तेही बघतो.

टोकाशी स्टेरॉइड आहे का, एवढं मात्र विचारा. असतं एक मिलिग्रॅमच्या आतच, त्याने साखर वाढत नाही. पण टोकाभोवतीची सूज कमी राहते, पुढच्या आठवड्यांत थ्रेशोल्ड फार चढत नाही आणि बॅटरी वाचते. एमआरआयचं म्हणाल तर लीड आणि डबा (म्हणजे बॅटरी असलेला पेसमेकर), दोन्ही त्याला चालणारे आणि एकमेकांसोबत मान्यता असलेले हवेत. नुसता डबा असून उपयोग नाही.

पैसे वाचवायचेच असतील तर डब्याच्या जास्तीच्या फीचर्सवर वाचवा. डबा आठ-दहा वर्षांनी बदलतो, लीड शक्यतो तीच राहते, आणि जुनी लीड शिरेला चिकटली की काढणं फार अवघड होतं.

डिस्चार्जच्या वेळी पेसमेकरचं कार्ड मागून घ्या. त्यावर दोन्ही लीडचे मॉडेल आणि सिरियल नंबर आहेत का बघा, आणि त्याचा फोटो तुमच्या मोबाइलमध्येही ठेवा.