शेत वारसांचं राहतं, मग पुस्तक का नाही?

आजोबांचं शेत चौथ्या पिढीकडेही राहतं, मग त्यांच्या कादंबरीवरचा हक्क (कॉपीराइट) मृत्यूनंतर ६० वर्षांनी का संपावा, असं तुम्ही विचारलंय. प्रश्नामागची कळ मला समजते. तरी हक्क संपायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

शेत एकानं कसलं की दुसऱ्याला कसता येत नाही. कादंबरी हजारांनी वाचली तरी झिजत नाही, कुणी वाचली नाही तर मात्र मरते. शिवाय ओव्या, म्हणी, आजीच्या गोष्टी यांतून लेखक घेतो, तेव्हा तोही कुणाला मानधन देत नाही.

मी बरीच वर्षं जुनी पुस्तकं स्कॅन करून मराठी विकिस्रोतावर, म्हणजे इंटरनेटवरच्या मोफत ग्रंथालयात, चढवतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं झालं, म्हणजे परवानगीशिवाय कुणालाही छापता येऊ लागलं. मर्ढेकरांचं २०१७ पासून. नावाजलेल्यांचं असं मार्गी लागतं. जीव तुटतो तो विसरल्या गेलेल्यांसाठी. एका ग्रामीण कथाकाराचा एकुलता एक संग्रह मला तालुक्याच्या वाचनालयात सापडला. लेखक १९६८ साली वारले, प्रकाशनसंस्था कधीच बंद पडली. पुस्तकातल्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं. गावी गेलो, तर घर विकून मुलं कुठं गेली हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. हक्क २०२८ अखेरपर्यंत शाबूत आहे आणि पानं आत्ताच बोट लावताच तुटतात. बेवारस पुस्तकांसाठी कॉपीराइट कायद्यात परवान्याची सोय आहे (कलम ३१अ), पण अर्ज, वर्तमानपत्रांत जाहिरात, रॉयल्टीची रक्कम जमा करणं, एवढं त्या वाचनालयाला कुठून झेपणार? वारसांना दमडी नाही, वाचकाला पुस्तक नाही.

आपल्याकडे मुदत आधी ५० वर्षं होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, म्हणून त्यांचं साहित्य १९९१ संपताच खुलं होणार होतं. ते त्यांनीच स्थापलेल्या विश्वभारती विद्यापीठाकडेच राहावं यासाठी ऐन डिसेंबरात अध्यादेश निघाला, १९९२ मध्ये कायदा झाला आणि मुदत सरसकट ६० वर्षं झाली. एका महाकवीसाठी वाढवलेली ती दहा वर्षं माझ्या कथाकारालाही लागू झाली. मला हे आजही खुपतं.

हक्क संपला की कुणीही मजकूर मोडतोड करून छापील, ही तुमची भीती खरी आहे. पण लेखकाचं नाव कायम राहणं आणि त्याच्या लौकिकाला बाधा येईल असे बदल न होणं, हे हक्क त्याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये वेगळे दिले आहेत. तिथं वारसांना दाद मागता येते.

आजोबांच्या कादंबरीची मुदत अजून बाकी असेल, तर ती संपायची वाट बघू नका. चांगली प्रत शोधून आधी स्कॅन करून ठेवा. नवी आवृत्ती काढा, नाहीतर सगळ्या वारसांनी मिळून मुक्त परवाना द्या, म्हणजे ती कुणालाही वापरायची लेखी मुभा. तेही जमत नसेल, तर निदान हक्क कुणाकडे आहेत आणि त्यांना कुठं गाठायचं, हे जवळच्या वाचनालयात लेखी देऊन ठेवा.