चार्टवरचे अठरा

प्रिय मुली,

आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पायांचं दुखणं, उभ्याउभ्या गिळलेले चार घास, नातेवाइकांची बोलणी, हे सगळं येणार हे ठाऊकच होतं. पण एक ओळ मनातून जाईना: ‘सिस्टर, ड्युटी संपली तरी अंथरुणात पडून काय काय करायचं राहिलं तेच आठवत बसते.’

पायांना उपाय आहे. सैल बूट घे, मिळेल तिथे दोन मिनिटं टेक. राहून गेलेल्या कामांवर माझ्याकडे अख्खा उपाय नाही. माणसं कमी आहेत, हे खरंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगभरातली नर्सेसची तूट ५९ लाखांची होती, तेव्हा तुझ्या जोडीला अजून एकजण हवी, हे रडगाणं नव्हे. मात्र ते लेखी मागत जा, तारीख घालून. तोंडी मागणी इन्चार्जच्या टेबलापर्यंत पोचते आणि तिथेच विरते.

तोवर काय सोडायचं आणि काय नाही, हे रोज तुलाच ठरवावं लागणार. चादरीची घडी वाकडी राहिली तर राहू दे. श्वास मोजणं सोडू नकोस.

हसू नकोस. चार्ट उघडून बघ. श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १८, १८, १८. बीपी मशीन सांगतं, नाडी आणि ऑक्सिजन बोटाची क्लिप सांगते. श्वासासाठी मात्र पूर्ण मिनिट उभं राहावं लागतं, म्हणून तो अंदाजे लिहिला जातो. मीही लिहायचे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका गृहस्थांच्या चार्टवर संध्याकाळी मी १८ लिहिले. बीपी ठीक होतं, ताप किरकोळ. रात्रीच्या सिस्टरनं मोजले तर ३२. जंतुसंसर्ग रक्तात पसरत होता. बरेच दिवस आयसीयूत काढून ते वाचले. संध्याकाळी त्यांचे श्वास किती होते, हे मला आजही माहीत नाही. मोजलेच नव्हते ना.

ऑक्सिजन कमी पडू लागला किंवा रक्तात आम्ल साठू लागलं की शरीर आधी श्वास वाढवतं. बीपी बऱ्याचदा सगळ्यात शेवटी कोसळतं. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० ठीक. २५ किंवा जास्त झाले की फोन उचल. मोजतेयस हे पेशंटला कळू देऊ नकोस, कळलं की श्वास बदलतो. नाडी बघत असल्यासारखं मनगट धर आणि नजर छातीवर ठेव.

फोनवर ‘पेशंट बरा वाटत नाही’ एवढंच बोललीस तर ‘बघतो’ एवढंच ऐकू येईल. सांगायचं असं: ‘अमुक बेड, श्वास आता २८. परवा ऑपरेशन झालंय, दुपारी १८ होते. मला संसर्गाची शंका येतेय, तुम्ही येऊन बघायला हवं.’ परिस्थिती, मागचा इतिहास, तुझा अंदाज, तुझी मागणी, या क्रमानं. ही पद्धत मुळात अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरची. तिथेही धाकट्यानं थोरल्याला कमी शब्दांत खरं सांगायची पंचाईत होतीच म्हणायची. फोन केल्याची वेळ आणि मिळालेलं उत्तर लगेच लिही. कुणी खेकसलं तर खेकसू दे. उत्तर मिळालं नाही तर वरच्यांना फोन लाव.

सुईबद्दल थोडक्यात. वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावायचं नाही. टोचलीच तर दाबून रक्त काढत बसू नकोस, साबणपाण्यानं धू आणि तेव्हाच कळव. एचआयव्हीविरोधी गोळ्या काही तासांत सुरू व्हायला हव्यात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. ओरडा बसेल म्हणून लपवणाऱ्या मुली मी पाहिल्यात. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस झालेत ना तुझे?

पुढच्या महिन्यापासून घरभेटी, असं लिहिलंयस. वॉर्डात पेशंट आपल्या जागेत असतो, तिथे आपण त्याच्या. घंटा दाबून कुणी येत नाही, उजेड अपुरा, आणि खाट इतकी खाली की कंबर बोलायला लागते. कुठल्या घरी चाललीस हे कुणाला तरी सांगून जा, आणि घरातलं वातावरण बिघडलेलं वाटलं तर सरळ निघून ये. त्यात भित्रेपणा काही नाही.

एखाद्या घरी बाळाची आई म्हणेल, ‘नुसती सर्दी आहे.’ बाळ शांत असताना अंगातलं वर कर आणि मिनिटभर श्वास मोज. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६०, वर्षाच्या आतल्याचे ५०, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा त्याहून जास्त असतील तर ती नुसती सर्दी नाही.

अंथरुणाला खिळलेल्यांची कंबर आणि टाचा स्वतः उघडून बघ, पडून पडून जखम होतेय का ते. दर दोन तासांनी कूस बदला, हे आपण शिकलो. पण सासूचं एकटीनं करणारी सून रात्रभर दर दोन तासांनी उठेल कशी? तिला धडा शिकवण्यापेक्षा पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी कशी ठेवायची ते दाखव, आणि तिच्या झोपेच्या वेळा विचारून कूस बदलायच्या वेळा ठरव. पुस्तकापेक्षा कमी होईल, पण होईल.

सोबत माझं जुनं सेकंदकाट्याचं घड्याळ पाठवतेय. ते दिवसाला चार-पाच मिनिटं मागे पडतं, त्यामुळे ड्युटीला वेळेवर पोचायला त्याचा उपयोग नाही. मिनिट मात्र बरोबर मोजतं.

तुझी,
सिस्टर