टुसॉनजवळ आरव्हीत पाच रात्री, सोबत आई-बाबा : नियोजन कसं करावं?

प्रश्न थोडक्यात असा : फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून आई-बाबा येणार, तुम्ही दोघं, असे चौघं. फिनिक्सला २५ फुटी आरव्ही, म्हणजे पलंग, शेगडी, संडास असलेलं चाकांवरचं घर, भाड्यानं घ्यायची आणि अॅरिझोनातल्या टुसॉनजवळ पाच रात्री राहायचं. आधी कधी आरव्ही चालवलेली नाही. कुठे राहावं, काय सांभाळावं?

सगळ्यात आधी तारखा बदला. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टुसॉनमध्ये रत्नं आणि खनिजांचं प्रचंड मोठं प्रदर्शन भरतं. एका सभागृहात नाही, शहरभर : हॉटेलं, तंबू, गोदामं. व्यापारी आणि हौशी लोक आरव्ही घेऊनच येतात आणि जागा महिनोन्महिने आधी अडवतात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात रोडिओ, म्हणजे काउबॉयच्या घोडे-बैलांच्या शर्यतींचा मेळा, असतो. मार्चमध्ये हवा छान, पण फिनिक्सला बेसबॉलचे सराव सामने चालू असतात, त्यामुळे तिकडे भाडी चढलेली. मी १० ते २० जानेवारीच्या दरम्यानच्या पाच रात्री निवडेन. दिवसा १८-१९ अंश, रात्री ५ च्या आसपास, कधी शून्याखालीही. वाळवंट म्हणून नुसते सुती कपडे आणाल तर आई-बाबा कुडकुडतील. स्वेटर, कानटोपी आणि झोपताना मोजे हवेतच.

आता जागा. तुमच्या कामाच्या दोन आहेत. शहराच्या उत्तरेला, ओरॅकल रोडवर, सांता कॅटॅलिना डोंगराच्या पायथ्याशी कॅटॅलिना स्टेट पार्क आहे : वीज आणि पाणी थेट साइटवर, गरम पाण्याची न्हाणीघरं, डंप स्टेशन म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा. पश्चिमेला टुसॉन माउंटन पार्कमध्ये काउंटीचं गिल्बर्ट रे कॅम्पग्राउंड आहे. सग्वारो निवडुंगांच्या गर्दीत तिथली रात्र कॅटॅलिनापेक्षा देखणी, आणि डेझर्ट म्युझियम, म्हणजे वाळवंटातल्या प्राणी-वनस्पतींचं संग्रहालय, अगदी जवळ. पण तिथे साइटवर ३० अँपिअर वीज मिळते, पाणी नाही. आत शिरताना टाकी भरून घ्यायची आणि तेवढ्यात भागवायचं. चौघं, पहिलीच वेळ, त्यात आई-बाबा, म्हणजे कॅटॅलिनाच घ्या आणि पाचही रात्री तिथेच राहा. जागा बदलायची म्हणजे सगळं आवरणं, टाक्या रिकाम्या करणं, नवीन जागी गाडी समपातळीत आणणं. त्यात अर्धा दिवस जातो. तिथलं बुकिंग वर्षभर आधी उघडतं, जानेवारीच्या जागा लवकर भरतात. शहरात खासगी आरव्ही पार्कही भरपूर आहेत, सांडपाण्याची जोडणीसुद्धा साइटवरच मिळते. मात्र शेजारच्या आरव्हीची खिडकी हाताच्या अंतरावर असते आणि बरीच पार्कं ५५ वर्षांपुढच्यांसाठी राखीव आहेत. पैसे भरण्याआधी वयाची अट विचारा.

आरव्हीचं खरं गणित जागेचं नाही, तीन टाक्यांचं आहे. २५ फुटी गाडीत ताज्या पाण्याची टाकी साधारण ४० गॅलन (एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर), आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची म्हणजे ग्रे टाकी ३० गॅलन, संडासाची म्हणजे ब्लॅक टाकी २५ ते ३० गॅलन. आपल्या गाडीचे आकडे ताबा घेताना विचारून लिहून ठेवा. नवख्यांना वाटतं की पाणी संपेल. कॅटॅलिनात नळ साइटवरच आहे, पाणी संपणारच नाही. भरून वाहते ती ग्रे टाकी. शॉवरमधून मिनिटाला दोन गॅलन पाणी जातं. चार मिनिटांची आंघोळ म्हणजे ८ गॅलन, चौघांचे ३२. एका सकाळीच टाकी भरली, आणि भरली हे कळतं ते पायाखाली शॉवरच्या ट्रेमधून गढूळ पाणी वर आल्यावर. म्हणून आंघोळी कॅम्पग्राउंडच्या न्हाणीघरात करा. गाडीतला शॉवर फक्त आईंना रात्री-बेरात्री लागला तर.

भांडी घासण्याआधी ताट कागदानं पुसून घ्या. आमटीचं तेल, भाताची शितं, चहाचा चोथा सिंकमध्ये गेला की ग्रे टाकीत कुजतो आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या गाडीत वास सुटतो. चोथा थेट कचऱ्याच्या पिशवीत.

ब्लॅक टाकीचं एकच मोठं पथ्य : तिचा व्हॉल्व्ह कायम बंद. साइटवर सांडपाण्याची जोडणी असली तरी बंदच. उघडा ठेवला तर पाणी निघून जातं, घट्ट मैला खाली साचून वाळतो आणि मग कशानंच हलत नाही. पाणी वापरून धुण्याची आपली सवय इथे उपयोगाची आहे. टाकीत जितकं पाणी तितकी ती नीट रिकामी होते. फक्त त्यामुळे ती लवकर भरते हे लक्षात ठेवून तिसऱ्या दिवशी एक डंप धरा. कागद वापरणार असाल तर आरव्हीसाठी मिळतो तो पटकन विरघळणारा घ्या. ओले वाइप्स अजिबात नको, पुडक्यावर काहीही लिहिलेलं असो.

डंप करायची रीत अशी. हातमोजे घाला. दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत हे पाहूनच झाकण काढा. पाइपचं एक टोक गाडीला फिरवून घट्ट बसवा, दुसरं जमिनीतल्या भोकात, आणि ते उसळू नये म्हणून त्यावर दगड किंवा पाय. आधी ब्लॅकचा व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण उघडा. हळूहळू उघडलात तर पाणी पुढे जातं, घट्ट भाग मागे राहतो. आवाज थांबला की बंद करा. मग ग्रे उघडा, त्या साबणाच्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो. उलट क्रमानं केलंत तर मैल्यानं भरलेला पाइप हातात राहील. शेवटी संडासातून दोनेक गॅलन पाणी आणि औषधाची पुडी टाका, कोरडी टाकी सोडू नका. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, बहुधा पांढरा असतो. तो या पाइपबरोबर एका कप्प्यात ठेवू नका, आणि डंप स्टेशनवरच्या ‘पिण्यासाठी नाही’ अशी पाटी असलेल्या नळाला तर लावूच नका.

वीज. ३० अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३,६०० वॉट, आणि ब्रेकर सुखानं राहतो तो २,९०० च्या आत. छोटा हीटर १,५००, किटली १,५००, मायक्रोवेव्ह जवळजवळ तेवढाच. यातली दोन थोडा वेळ चालतील, तिसरं लावलं की अंधार. एक छुपा गिऱ्हाईक असतो : पाणी तापवायची टाकी. अनेक गाड्यांत ती गॅसवरही चालते आणि विजेवरही. विजेचं बटण चालू राहिलं तर ती गुपचूप १,४०० वॉट खात बसते. सकाळी चहा-नाश्त्याच्या वेळी ती गॅसवर घ्या. साइटवरच्या खांबाचा ब्रेकर आधी बंद करायचा, मग प्लग लावायचा, मग ब्रेकर चालू. आणि आईंना पुण्याहून मिक्सर आणू देऊ नका. तो २३० व्होल्टचा, इथे नुसता घुरघुरेल. वाटण घरूनच करून गोठवून आणा. कुकर मात्र जरूर आणा, तीन लिटरचा. आरव्हीच्या शेगडीवर पाच लिटरचा ठेवला तर शेजारचा बर्नर झाकला जातो.

फोडणीआधी छताचा पंखा चालू आणि एक खिडकी किलकिली. मोहरी तडतडायच्या आत धूर-अलार्म किंचाळतो आणि लोक वैतागून त्याची बॅटरी काढतात. ते करू नका. जमिनीलगत एक वेगळा अलार्म असतो तो गॅसगळतीचा. गाडीतला गॅस म्हणजे प्रोपेन, हवेपेक्षा जड, म्हणून हा अलार्म खाली बसवतात. तो वाजला तर शेगडी बंद करून सगळ्यांनी बाहेर यायचं.

रात्रीची ऊब गॅसच्या भट्टीवर. एक गॅलन प्रोपेनवर ३०,००० बीटीयूची (हे उष्णतेचं माप) भट्टी सलग तीन तास चालते. थंडीत ती रात्रभरात साडेतीनेक तास पेटते, म्हणजे रात्रीला गॅलनभर. पाच रात्रींना सहा गॅलन धरा. प्रोपेनची टाकी गाडीला कायमची जोडलेली असते, सिलिंडरसारखी काढून बदलता येत नाही. म्हणून निघतानाच ती भरलेली आहे का बघा. शून्याखाली जाणार असेल त्या रात्री नळाचा पाइप काढून ठेवा आणि आतल्या टाकीतलं पाणी पंपानं वापरा. रात्रभर जोडलेला पाइप सकाळी काठीसारखा कडक होतो.

ताबा घेताना वरच्या पलंगावर चढून बघा. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा तो शिडीचा पलंग तुम्हा दोघांचा. आई-बाबांना मागचा, संडासाजवळचा. फ्रिज आदल्या रात्री चालू करून ठेवायला सांगा, गार व्हायला आठ-दहा तास लागतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. सात वर्षांपलीकडचा टायर दिसला तर दुसरी गाडी मागा. वाळवंटाच्या उन्हात टायर झिजण्याआधी वाळून तडकतो. किराणा फिनिक्सच्या बाजूला चँडलरमध्येच भरा, तिथे भारतीय दुकानं चांगली आहेत.

फिनिक्स ते टुसॉन आय-१० महामार्गावरून जेमतेम दोन तास. पण जानेवारीत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, आणि पहिल्यांदा अंधारात आरव्ही रिव्हर्स घेणं म्हणजे घरात भांडणाला आमंत्रण. चारच्या आत पोहोचा. एकानं मागे उभं राहायचं, ड्रायव्हरला आरशात दिसेल असं, आणि वर फांद्या बघायच्या. इलॉय ते पिकाचो पीकच्या पट्ट्यात वारा सुटला की धूळ उठते. समोरचं दिसेनासं झालं तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबा, सगळे दिवे बंद करा, ब्रेकवरचा पायही काढा. दिवा दिसला की मागचा त्यालाच रस्ता समजून येऊन धडकतो.

टुसॉन विमानतळावरून एक छोटी गाडी वेगळी भाड्यानं घ्या. हा खर्च वाया जात नाही. आरव्ही गॅलनला आठ-दहा मैल देते, आणि दूध आणायला जायचं तरी सगळी जोडणी काढावी लागते. शिवाय गेट्स पासच्या घाटात २५ फुटांपेक्षा लांब वाहनांना मनाई आहे. कागदावर २५ फुटी असलेली गाडी बंपर-शिडीसकट मोजली की हमखास पुढे जाते. सूर्यास्त मात्र तिथलाच बघा, छोट्या गाडीनं. डेझर्ट म्युझियम बहुतांश उघड्यावर आहे, वाटा दोन मैलांच्या, तेव्हा बाबांचे गुडघे बघून सकाळीच जा. कॅटॅलिनातच रोमेरो रुइनची पाऊण मैलाची वाट आहे, सुरुवातीच्या पायऱ्या सोडल्या तर सोपी, इथल्या प्राचीन होहोकाम लोकांच्या वस्तीच्या अवशेषांतून जाणारी. जवळच्या माउंट लेमन या उंच डोंगरावर जानेवारीत बर्फ असू शकतं, निघण्याआधी रस्त्याची स्थिती पाहा.

प्रत्येकाच्या खिशात एक मोठ्या दातांचा कंगवा हवा. चोया नावाचा निवडुंग लांबून मऊ, केसाळ दिसतो. नुसता घासला तरी त्याचा लिंबाएवढा गोळा तुटून पायाला चिकटतो. काट्यांना मासेमारीच्या गळासारखे उलटे दात असतात, त्यामुळे हातानं ओढायला गेलं की तोच गोळा बोटांना डसतो. कंगवा त्वचा आणि गोळा यांच्या मधे घालायचा आणि बाहेरच्या दिशेनं झटका द्यायचा, तिकडे कुणी उभं नाही हे बघून. उरलेले काटे चिमट्यानं.

इथे कोरड्या ओढ्याला वॉश म्हणतात. पाऊस डोंगरात पडतो आणि निरभ्र आकाशाखाली वॉशमध्ये पाणी येतं. पाणी वाहत असेल तर आरव्ही कितीही जड वाटो, आत घालू नका. रस्ता बंद करायला लावलेला अडथळा ओलांडून गेलात आणि अडकलात, तर सुटकेचा खर्च कायद्यानं तुमच्याकडून वसूल होऊ शकतो.

परतीच्या सकाळी कॅटॅलिनातच डंप करा. टाक्या भरलेल्या दिल्या तर भाड्यानं देणारे जबर दंड लावतात. इंधन जेवढं होतं तेवढं भरा, आणि ताबा घेताना काढले होते तसेच मैलांच्या काट्याचे, जनरेटरच्या तासांचे आणि चारही बाजूंचे फोटो पुन्हा काढून ठेवा.