जुन्या जिप्सीचे स्टीयरिंग ढिले झाले तर बॉक्स बदलावा का?

तुमची 1997 सालची जिप्सी साठच्या वेगाला थरथरते, स्टीयरिंग दोन बोटे रिकामे फिरते आणि गॅरेजवाला स्टीयरिंग बॉक्स, म्हणजे स्टीयरिंगचे फिरणे चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी, बदलायला सांगतो. तो बदलावा का आणि सुटे भाग कुठून घ्यावेत, असे तुम्ही विचारले आहे. बदलू नका, निदान स्वतः गाडीखाली आडवे झाल्याशिवाय तरी नाही.

इतक्या ठामपणे सांगतो, कारण याच प्रश्नावरून इंदूरला आमच्या घरी मी आणि माझे थोरले बंधू दोन महिने एकमेकांशी धड बोलत नव्हतो. देवास नाक्याकडच्या एका मिस्त्रीने आमच्या जिप्सीच्या बॉक्सवरचा ढिलाई कमी करायचा स्क्रू आवळून दिला. सरळ रस्त्यावर गाडी छान वाटली, पण मानपूरच्या घाटात वळण संपल्यावर स्टीयरिंग आपणहून परत येईना, कारण बॉक्स मध्यभागी जास्त झिजतो आणि तिथली ढिलाई आवळून काढली की वळणावर तो जड होतो. यावर दादांनी नवा बॉक्सच आणून बसवला. थरथर होती तशीच राहिली.

शेवटी एका रविवारी मी गाडीखाली शिरलो आणि पुतण्याला इंजिन बंद ठेवून स्टीयरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगितले. बॉक्सचा आर्म लगेच हलत होता, त्याला चाकाशी जोडणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, मात्र टक् असा आवाज करून मग हलत होती. तिच्या एंडवरचे, म्हणजे टोकाच्या सांध्यावरचे, रबर नावापुरते उरले होते आणि आत ग्रीसऐवजी काळी माती होती. मग पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन चाक वरून-खालून धरून हलवले. पुतण्याने ब्रेक दाबल्यावरही ते डुगडुगत राहिले, म्हणजे दोष चाकाच्या नव्हे, किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनवर डावी-उजवीकडे वळते तिच्या, बेअरिंगचा होता. ती बेअरिंगे बदलून शिमच्या पातळ चकत्या नीट बसवल्या, एंड नवे घातले आणि थरथर गेली. दादांच्या मते मात्र नव्या बॉक्सचा गुण जरा उशिरा आला.

एंड काढताना पिनच्या टोकावर हातोडा मारू नका, ती ज्या डोळ्यात बसते त्याच्या कडेला मारा. टाय रॉडचे, म्हणजे पुढची दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याचे, एंड काढण्यापूर्वी आटे मोजून ठेवा आणि नंतर अलाइनमेंट करून घ्या. डोळाच लांबट झिजला असेल, तर नवा एंडही टिकणार नाही.

टायरची हवा आणि बॅलन्सिंग आधी पाहावे, हे खरे तर मी सुरुवातीलाच सांगायला हवे होते. स्टीयरिंग फिरूनही आर्म उशिरा हलत असेल, तर बॉक्सचे चेसीवरचे बोल्ट तपासा. ते घट्ट असतील तर मात्र बॉक्सवर संशय घ्यावा, हे दादांच्या बाजूनेही मान्य करतो. सुटे भाग कुठूनही घ्या, पण जुना भाग सोबत नेऊन ताडून घ्या. आमचा जुना बॉक्स, ज्याचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला असता तर तो आजही चालला असता, दादांनी मला न विचारता भंगारात दिला.