जुना कृष्णधवल फोटो दुरुस्त करण्यासाठी स्कॅन करायचाय. ब्लॅक अँड व्हाइट, ग्रेस्केल की कलर?

पणजोबांचा फोटो, कागद पिवळा पडलेला, एका कोपऱ्यात ओल आलेली, आणि काच फुटल्यावर काही वर्षं गंध-कुंकू थेट फोटोवरच लावलेलं. हे सगळं तुम्हाला गिम्प या फोटो दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वच्छ करायचंय. मग कलरमध्येच स्कॅन करा. मूळ फोटो कृष्णधवल असला तरीही.

ब्लॅक अँड व्हाइट हा पर्याय आधी बाद करा. त्यात प्रत्येक पिक्सेल एकतर पूर्ण काळा नाहीतर पूर्ण पांढरा, मधलं काही नाही. छापील मजकूर किंवा सही यांच्यासाठी तो ठीक आहे. माणसाचा चेहरा त्यातून जिवंत बाहेर येत नाही.

ग्रेस्केलमध्ये 256 छटा मिळतात आणि फाइल कलरच्या एक तृतीयांश होते. फोटो स्वच्छ असता तर मीही तेच सांगितलं असतं. पण तुमचा फोटो आता कृष्णधवल राहिलाय कुठे? कागद पिवळा, ओलीचा डाग तपकिरी, कुंकू लाल. ग्रेस्केलमध्ये हे सगळं करडं होऊन चेहऱ्यात मिसळतं. मग डाग कुठला आणि गालावरची सावली कुठली, हे ना तुम्हाला ओळखता येत ना सॉफ्टवेअरला.

कलर स्कॅनमध्ये रेड, ग्रीन, ब्लू असे तीन चॅनल, म्हणजे एकेका रंगाच्या प्रकाशाची नोंद, वेगवेगळे हाताशी येतात. पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो, म्हणून ब्लू चॅनलमध्ये तो गडद दिसतो आणि रेडमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. कपाळावरचं कुंकूही रेड चॅनलमध्ये उजळ होऊन त्वचेत मिसळून जातं. (काळ्या टोपीवर किंवा केसांवर सांडलेलं असेल तर मात्र तिथे पांढुरका ठिपका दिसेल, तो क्लोन टूलने, म्हणजे शेजारचा भाग त्यावर उतरवून, भरावा लागेल.) निळ्या बॉलपेनची रेघ असेल तर उलट, ब्लू चॅनल बघा.

गिम्पमध्ये कलर्स, कंपोनंट्स, डीकंपोज असं जाऊन आरजीबी निवडलंत की तिन्ही चॅनल वेगळे लेयर म्हणून मिळतात. तिन्ही नीट पाहिल्याशिवाय ठरवू नका. फोटोतली प्रतिमाच विरून पिवळसर झाली असेल, तर फिकट भागातले बारकावे ब्लूमध्येच जास्त टिकलेले असतात. मग चेहरा एका चॅनलमधून आणि डागाळलेला कोपरा दुसऱ्यातून घेऊन मास्कने, म्हणजे लेयरचा नको तो भाग झाकून, जोडायचा.

आता बिटचं, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग किती बारकाईने नोंदवायचा त्याचं. स्कॅनर 24 आणि 48 असे दोन्ही देत असेल तर 48 घ्या. 24 बिटमध्ये प्रत्येक चॅनलला 256 पायऱ्या, 48 मध्ये 65,536. विटलेल्या फोटोत सगळ्या छटा एका अरुंद पट्ट्यात दाटलेल्या असतात. लेव्हल्स किंवा कर्व्ह्ज या उजेड-गडदपणा जुळवायच्या साधनांनी त्या ताणल्या की 24 बिटमध्ये मागच्या भिंतीवर पट्टे उमटू शकतात. चार बाय सहा इंचांचा फोटो 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) 24 बिटमध्ये साधारण 26 एमबी होतो, 48 मध्ये 52. एका फोटोसाठी एवढी जागा द्यायला हरकत नाही. फक्त टिफ (TIFF) या फाइल प्रकारात सेव्ह करा. नेहमीच्या जेपेगमध्ये चॅनलमागे 8 बिटच राहतात, म्हणजे 48 निवडून काही उपयोग नाही. स्कॅनर 24 वरच थांबत असेल तर त्यावरही काम बऱ्यापैकी होतं, त्यासाठी नवा स्कॅनर घ्यायला जाऊ नका.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं ऑटो करेक्शन, रंग परत आणणं, शार्पनिंग, सगळं बंद ठेवा. स्कॅन पिवळा आणि मरगळलेला दिसला तर तो बरोबर आलाय. ती दुरुस्ती तुम्ही करायचीये, यंत्राने परस्पर नाही.

आणि पुढे फोटो छापायचाय म्हणून आत्ताच सीएमवायकेच्या, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीच्या, मागे लागू नका. स्कॅनर आरजीबीतच बघतो. छापखान्याने सीएमवायके मागितलं तर सगळं काम झाल्यावर, शेवटच्या प्रतीवर, त्यांनी दिलेल्या प्रोफाइलने (त्यांच्या छपाईच्या रंगांची माहिती असलेली फाइल) रूपांतर करा आणि आरजीबीची मूळ टिफ तशीच ठेवा.